पाच आणि सहाच्या मध्ये

या सदरातले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. खरं सांगायचं तर टवाळी करायला वाचायचो. चहा घेता घेता बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि प्रत्येक गोष्टीतली पळवाट शोधून द्यायचो — इथे वायरिंग ढिलं असणार, इथे अंगात ताप असणार, आणि इथे तर चक्क थाप. चौतीस वर्षं कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेंटेनन्समध्ये काढली. जे मीटरवर दिसत नाही ते मी मानत नव्हतो. तर आता मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर हसायचं असेल तर हसून घ्या. तुमच्या जागी मी असतो तर हसलोच असतो.

राहायला तळेगावात, घोरावाडी स्टेशनपासून चालत सात मिनिटं. रिटायर झाल्यापासून माझा एकच उद्योग — जुन्या कॉम्पॅक्ट म्युझिक सिस्टिम गोळा करायच्या आणि दुरुस्त करायच्या. म्हणजे त्या हो, एकाच खोक्यात रेडिओ, दोन कॅसेट डेक, वर-खाली सरकणाऱ्या बटणांचा इक्वलायझर आणि दोन बाजूंना दोन स्पीकर. एके काळी ज्याच्या घरात ही असायची त्याच्या घरात पाहुण्यांना आधी पाणी नाही, गाणं मिळायचं. माझ्याकडे आजघडीला एकोणीस आहेत. आमची ही — विद्या, शाळेत शिकवते — म्हणते, "माणसांना बसायला जागा नाही, पण यांच्या पाहुण्यांना स्वतंत्र खोली."

माझा बराचसा माल लोणावळ्याचा. मुंबईकरांचे बंगले रिकामे होतात, नवी पिढी जुनं सगळं केअरटेकरला देऊन टाकते, आणि तिथून ते भंगारवाल्याकडे येतं. लोणावळ्याचं मशीन उघडलं की आधी बुरशीचा वास येतो, मग पालीची अंडी सापडतात आणि सगळ्यात शेवटी बिघाड सापडतो. चिक्कीच्या दुकानाशेजारच्या त्या भंगारवाल्याकडेच गेल्या कार्तिकात मला सोपान भेटला.

सोपान भाजे गावचा, पंचेचाळिशीचा असेल. भात शेती आहे, शिवाय शनिवार-रविवारी लेणी आणि किल्ले बघायला येणाऱ्यांसाठी तो आणि त्याची बायको मंगल घरगुती जेवण बनवतात. एक सिस्टिम घेऊन तो दुकानात उभा होता, विकायला नव्हे, "दुरुस्त करणारं कुनी हाय का" म्हणून विचारायला. भंगारवाल्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

"काका, मशीन ऱ्हाउद्या," सोपान म्हणाला. "आतली कॅसेट तेवडी जपा. आईचा आवाज हाय त्यात. दुसरीकडं कुटंच न्हाई."

मग चहाच्या टपरीवर त्याने सगळं सांगितलं. त्याचे वडील, आबा, एका बंगल्यावर केअरटेकर होते. मालकांनी ही सिस्टिम त्यांना बक्षीस दिलेली. आई जाऊन चार वर्षं झाली. फोटो दोन आहेत, पण तिने कधी मोबाईलसमोर तोंड उघडलं नाही. सोपान शाळेत असताना त्याने गंमत म्हणून रेकॉर्डचं बटण दाबून जे काही टेप केलं होतं तेवढंच. आणि आता गेल्या पावसाळ्यापासून आबांनी जेवण सोडल्यात जमा होतं. सकाळी दोन घास, रात्री कपभर दूध. तपासण्या झाल्या, डॉक्टरांना काही सापडलं नाही. "आमी हितं परक्या मान्सांना आग्रह करकरून वाढतोय," सोपान म्हणाला, "आन् आमचा म्हातारा उपाशी निजतोय." आबांनी अलीकडे एकच मागणं केलं होतं — माळ्यावरचं मशीन काढ, तुझ्या आईचा आवाज आहे त्यात.

मी सिस्टिम घरी आणली. रबरी बेल्टचं नेहमीप्रमाणे डांबर झालेलं होतं आणि कॅसेटची टेप रोलरमध्ये गुंडाळली गेली होती. ती सोडवायला मला पूर्ण दुपार लागली. श्वास रोखून, चिमट्याने. टेप शाबूत निघाली, पण कॅसेटचं प्लास्टिकचं कवच तडकलेलं. अशा वेळी आम्ही एक करतो — टेपची दोन्ही चक्रं उचलून दुसऱ्या चांगल्या कवचात बसवतो. माझ्याकडे एकाच गठ्ठ्यातल्या बऱ्याच कोऱ्या कॅसेट आहेत, करड्या रंगाच्या, बिनलेबलच्या. त्यातल्या एकीचं कवच घेतलं आणि टेप त्यात बसवली.

मग लावून ऐकली. फक्त एकदा, खात्री करायला. आधी एका मुलाचा आवाज — "आई, बोल की गं यात!" आणि मग बाईचा, किंचित लाजलेला, किंचित वैतागलेला — "काय बोलू? बंद कर ते. आन् त्यास्नी हाक मार, भाकरी गार व्हाया लागली." खट्. पुढे गाणी. सगळं मिळून वीस सेकंद. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे कबूल करतो.

आता माझी चूक सांगतो. ती नीट समजावी म्हणून थोडं कॅसेटबद्दल. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन बारीक प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की त्या कॅसेटवर रेकॉर्डचं बटण दबतच नाही, आवाज कायमचा सुरक्षित राहतो. सोपानने लहानपणीच त्या मोडल्या होत्या. पण त्या जुन्या कवचाच्या. मी जे नवं कवच घातलं त्याच्या पट्ट्या धडधाकट होत्या. म्हणजे टेप वाचवता वाचवता तिचं कुलूप मीच काढून टाकलं होतं, आणि हे माझ्या लक्षातही आलं नाही.

दोन दिवसांनी डेकचं शेवटचं काम झालं. दुरुस्त झालेल्या प्रत्येक मशीनवर मी एक चाचणी घेतो. टेस्ट कॅसेट घालायची, रेकॉर्ड दाबायचं आणि घड्याळाच्या काट्याकडे बघत बोलायचं — "हॅलो... चेकिंग... घोरावाडी. एक, दोन, तीन..." दहापर्यंत. सेकंदाला एक आकडा. मग मिनिटभर गप्प राहून खरखर मोजायची. परत वाजवल्यावर दहा आकडे दहा सेकंदांत बसले की मशीनचा वेग बरोबर. माझी टेस्ट कॅसेटही त्याच करड्या गठ्ठ्यातली. सकाळचे अकरा वाजले होते, विद्या शाळेत होती. मी चाचणी घेतली, वाजवून पाहिली, वेग चोख. खुशीत मशीन बंद केलं. आणि टेबल आवरताना कागदांखाली माझी टेस्ट कॅसेट सापडली.

म्हणजे मशीनमध्ये होती ती सोपानच्या आईची. मी खाली बसलो.

पुढचा तासभर मी काय काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही. हेडफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून, दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐकल्या. दुसऱ्या तीन मशीनवर ऐकल्या. डेकमध्ये नवं रेकॉर्ड होण्याआधी जुनं पुसणारं एक वेगळं हेड असतं, आणि मी ते आदल्याच दिवशी स्पिरिटने पुसून लख्ख केलं होतं. माझे दहा आकडे आणि पुढे खरखर. त्या बाईंचा मागमूसही नव्हता.

संध्याकाळी विद्याला सांगितलं. तिने हातातल्या वह्या बाजूला ठेवल्या. मी म्हटलं, "जुनी टेप होती, बुरशीने गेली असं सांगितलं तर? त्यांना काय कळणार आहे?"

"त्यांना नाही कळणार," ती म्हणाली. "तुम्हाला कळेल ना? उद्या जाऊन तोंडावर सांगा. फोनवर नाही."

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. नाश्ता केलाच नाही. सिस्टिम गाडीत टाकली आणि कामशेतवरून मळवलीकडे निघालो. आठवड्याच्या मधल्या दिवशी भाजे गाव अगदी वेगळं असतं. पर्यटक नाहीत, गाड्या नाहीत, भात कापणी होऊन खाचरं मोकळी झालेली. सोपानच्या ओट्यावर "घरगुती जेवण मिळेल" अशी पाटी होती. बारा वाजत आले होते.

आबा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. डोळ्यांनी अधू, हाताच्या नुसत्या काड्या. मला वाटलं होतं मला आधी सोपानशी बोलता येईल. पण आबांना गाडीचा आवाज आल्याबरोबर त्यांनी विचारलं, "मशीन आलं व्हय?" सोपानने सिस्टिम त्यांच्यासमोर ठेवली, वायरी लावल्या. आबांनी बटणांवरून बोटं फिरवली. त्यांना प्रत्येक बटण माहीत होतं. मंगल स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

मी म्हटलं, "आबा, थांबा. माझ्या हातून फार मोठी चूक झालीय."

आणि सगळं सांगितलं. कवच, पट्ट्या, आकडे. काही लपवलं नाही. सोपानचा चेहरा बघवेना. तो म्हणाला, "काका, तुमाला एकच गोष्ट सांगितलती... एकच." मंगलने पदर तोंडाला लावला. मी हात जोडले. साठाव्या वर्षापर्यंत मी कुणापुढे असे हात जोडले नव्हते.

आबा भिंतीकडे तोंड करून बसले. बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. मग ते भिंतीकडेच बघत बोलू लागले, कुणाशी ते कळत नव्हतं.

"लय हाका मारायला लावल्या मी तिला. बंगल्यावनं आलो की ह्ये मशीन लावून बसायचो. ती म्हनायची, भाकरी गार व्हतीय. मी म्हनायचो, ह्ये गानं संपू दे. त्ये संपलं की दुसरं. ती मागनं गारच भाकरी खायाची, माज्यासंगं." ते थांबले. "मनात व्हतं, एकदा तिची हाक ऐकून लगीच उठावं. येवढंच."

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. आबांनी हळूच मान वळवली.

"लावा," ते म्हणाले.

"आबा, त्यात काही नाही हो आता."

"तुमी बोललाय न्हवं? त्ये तरी ऐकू द्या. आलाय तर."

नाही कसं म्हणणार? मी प्लेचं बटण दाबलं. माझाच आवाज आला, नको तितका स्पष्ट. हॅलो... चेकिंग... घोरावाडी. एक. दोन. तीन. त्या खोलीत तो आवाज इतका निर्लज्ज वाटत होता की मी मान खाली घातली. चार. पाच.

सहा आलं नाही.

मी वर बघितलं. टेप फिरत होती. आवाजाची पातळी दाखवणारे हिरवे दिवे विझलेले होते. आणि मग ते दिवे एकदम वर चढले आणि एक बाई बोलली. लांबून नाही, घुमून नाही, कुजबुजत नाही. शेजारच्या खोलीत चुलीपाशी बसून बोलावं तशी.

"पुरं की आता मोजायचं. ताट वाढलंय. त्यास्नी घिऊन या, आन् तुमी बी बसा. सकाळधरनं उपाशी हायसा."

मग माझा आवाज — सहा. सात. आठ. नऊ. दहा. आणि खरखर.

कुणीच हललं नाही. मंगलने दाराची चौकट घट्ट धरली होती. सोपान मशीनकडे बघत होता, आणि एखाद्या लहान पोरासारखा त्याचा ओठ वाकडा झाला होता. तिथे फक्त एकच माणूस घाबरला नव्हता.

आबा भिंतीचा आधार घेऊन उठत होते.

"चला," ते मला म्हणाले. "मंगल, वाड."

तांदळाची भाकरी होती आणि पावट्याची आमटी. मी आबांच्या शेजारी बसलो. मी पहिला घास घेतला आणि आबाही खायला लागले. एक अख्खी भाकरी खाल्ली त्यांनी आणि वर भात मागितला. सोपान समोर बसून नुसता बघत राहिला, त्याच्या ताटात टपटप पाणी पडत होतं. खाता खाता आबा एवढंच म्हणाले, "ती कुनाला बी उपाशी धाडायची न्हाई." मी सकाळपासून काही खाल्लं नाही हे मी त्या घरात कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

जेवण झाल्यावर सोपानने पुन्हा कॅसेट लावली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मध्ये काही नाही. तीन वेळा लावली. मी घड्याळ धरलं — दहा आकडे, दहा सेकंद. त्या टेपवर पाच आणि सहाच्या मध्ये एक वाक्य मावेल एवढी जागाच नाही.

आता तुमच्याआधी मीच पळवाटा शोधून देतो, सवय आहे. पहिली — टेपच्या एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसटसा उमटतो, हे खरं आहे. पण तो पुसट असतो, आणि उमटतात ते मूळचेच शब्द. हे शब्द मूळ टेपवर कधीच नव्हते, मी स्वतः ऐकलं होतं. दुसरी — अँप्लिफायर कधी कधी बाहेरचा रेडिओ पकडतो. मग माझा आवाज तेवढा वेळ थांबला कसा? तिसरी — माझी टेस्ट चालू असताना मागे विद्या बोलली असेल. विद्या शाळेत होती, आणि ती असं बोलत नाही. चौथी — आम्हा सगळ्यांना एकदम भास झाला. निघण्यापूर्वी मी सोपान आणि मंगलला वेगवेगळं गाठून विचारलं, काय ऐकलंत? दोघांनी तेच शब्द सांगितले. मंगल तर सासूबद्दल म्हणाली, "आत्याबाई आल्यागेल्याला अशाच बोलायच्या. पन काका, तुमी उपाशी व्हता ह्ये त्यास्नी कोन सांगनार?"

निघताना आबांनी कॅसेट माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तिचं ते कुलूप लावा." मी त्यांच्यासमोर स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही पट्ट्या मोडल्या आणि कॅसेट परत त्यांच्या हातात ठेवली.

आबा पुढे सात महिने जगले. सोपान अधूनमधून फोन करायचा. ते रोज दुपारी ती कॅसेट लावायचे, माझे आकडे ऐकायचे आणि पाच झाले की उठायचे. आवाज पुन्हा कधी आला नाही, त्यांना त्याची गरजही वाटत नसावी. शेवटच्या दिवशीही जेवून आडवे झाले होते, असं सोपान म्हणाला. दहाव्याला मी गेलो होतो. सिस्टिम ओट्यावर, स्वच्छ पुसून ठेवलेली होती.

हे सगळं होऊन गेल्यावर एकदा मी माझ्या जुन्या टेस्ट कॅसेट काढून ऐकत बसलो. काय शोधत होतो, माहीत नाही. एका कॅसेटवर, सात-आठ म्हणताना, मागे स्वयंपाकघरातून विद्याचा आवाज आहे — "अहो, चला ना, किती वेळा हाक मारू?" आणि त्यावर माझं उत्तर आहे, "पाच मिनिटं!" असे आवाज इतक्या वर्षांत किती आले असतील आणि मी त्यांच्यावर एक-दोन-तीन म्हणत ते किती वेळा पुसले असतील, कोण जाणे. ही एक कॅसेट तेवढी चुकून राहिली होती. तिच्या पट्ट्या मी मोडून ठेवल्या आहेत.

आणि हल्ली हाक आली की हातातलं काम आहे तिथे टाकून उठतो. पहिल्या हाकेला.